वेटिंग किती आहे गं?

मार्चचा शेवटचा आठवडा, संध्याकाळचे सात. कुकरची तिसरी शिट्टी आणि लेकीच्या लॅपटॉपवरचं कॉलेजच्या अ‍ॅडमिशनचं पोर्टल एकदमच उघडलं. मी ओट्याशी, ती डायनिंग टेबलवर. आवाज काहीच नाही, ना किंकाळी ना रडणं, आता शांतता म्हणजे काय समजायचं ते कळेना म्हणून गॅस बारीक करून बघायला गेले तर ही स्क्रीनकडे नुसती बघत बसलेली. म्हणाली, "वेटलिस्ट." आणि मग थोड्या वेळाने, "आई, सरळ नो म्हणाले असते तर बरं झालं असतं."

मी लगेच नेहमीचं सुरू केलं, अगं नाही म्हणाले नाहीत ना, म्हणजे आवडलीस त्यांना, जागा नाहीये एवढंच, वगैरे वगैरे. ती उठून खोलीत गेली. वरण जरा लागलं त्या दिवशी.

आम्ही न्यू जर्सीत राहतो, सतरा वर्षं झाली. मुलगी इथलीच, यंदा हायस्कूलचं शेवटचं वर्ष. तिचं पहिल्या पसंतीचं कॉलेज (नाव लिहीत नाही, कारण त्यांचा काही दोष नाही आणि शिवाय तिने वाचलं तर माझं काही खरं नाही) वेटलिस्ट म्हणालं, आणि दोन दिवसांनी अजून एक, तिच्या यादीतलं तिसऱ्या नंबरचं, तेही वेटलिस्टच म्हणालं. तीन ठिकाणी अ‍ॅडमिशन मिळालेली होती, त्यातलं एक रटगर्स, म्हणजे आमच्या राज्याची युनिव्हर्सिटी. म्हणजे आभाळ वगैरे काही कोसळलं नव्हतं. पण त्या आठवड्यात हे तिला सांगायची कोणाची हिंमत नव्हती, कारण शाळेतल्या मुलांचं एक इन्स्टाग्राम पेज असतं जिथे रोज कोणी ना कोणी कॉलेजच्या टीशर्टमधला फोटो टाकतं आणि ही रात्री अंधारात ते बघत बसायची.

दुसऱ्या दिवशी मिरजेला आईंना, म्हणजे सासूबाईंना, फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "वेटिंग किती आहे गं?"

आईंचं अर्धं आयुष्य महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईला ये-जा करण्यात गेलंय. त्यांच्या लेखी वेटिंग म्हणजे नंबर. बारा असेल तर निवांत, चाळीस असेल तर बघू, दीडशे असेल तर एसटी बघा. आरएसी झालं तर निदान बसायला मिळतं. आणि काहीही झालं तरी गाडी सुटायच्या आधी चार्ट लागतो, चार्ट लागला की विषय संपला. मी त्यांना म्हटलं आई, इथे नंबरच देत नाहीत. त्या म्हणाल्या, "नंबर न्हाई म्हंजे? मग कळायचं कसं?"

हाच तर प्रश्न आहे. आणि मला खरं सांगायचं तर पुढचे दोन आठवडे मी जे काही वाचलं, शोधलं, लोकांना विचारलं, त्याचं सार आईंच्या त्या एका प्रश्नाच्या उत्तरातच होतं, ते म्हणजे अमेरिकन कॉलेजची वेटलिस्ट ही आपल्याला माहीत असलेली वेटिंग लिस्टच नाहीये. रांग असती तर तुमच्या पुढे कोण, मागे कोण हे असतं. इथे बहुतेक ठिकाणी एक मोठं टोपलं असतं आणि लागेल तसं त्यातून उचलतात.

हे का होतं ते मला लग्नाच्या जेवणावरून कळलं. पत्रिका हजार वाटल्या तरी आचाऱ्याला आपण पानं सहाशेच सांगतो ना, कारण अनुभवाने माहीत असतं की सगळे येत नाहीत. कॉलेजचं तेच. समजा त्यांना पहिल्या वर्षाला 1,500 मुलं हवी आहेत. तर ते 4,000 मुलांना अ‍ॅडमिशन देतात, कारण प्रत्येक मूल आठ-दहा-पंधरा ठिकाणी अर्ज करतं आणि जातं एकाच ठिकाणी. बोलावलेल्यांपैकी किती येतात त्याला ते यील्ड म्हणतात. आता 1 मेपर्यंत मुलांनी डिपॉझिट भरून सांगायचं असतं की मी येतो. समजा त्या दिवशी 1,460 आले, तर चाळीस जागा टोपल्यातून भरतात. 1,540 आले तर टोपल्याला हातही लावत नाहीत, उलट दोघांच्या खोलीत तिघं झोपतात. म्हणजे तुमच्या मुलीचे मार्क, निबंध, व्हायोलिन, सगळं होतं तिथेच असतं, उत्तर मात्र दुसरी चार हजार मुलं काय ठरवतात त्यावर. आणि चाळीस जागा भरायच्या तरी त्या वरून चाळीस अशा नाहीत. इंजिनिअरिंगला मुलं कमी पडली तर तिथली घेतील, लांबच्या राज्यातली कमी पडली तर तिकडची, बँडमध्ये कोणी ओबो वाजवणारं उरलं नाही तर ते.

आमच्या वेळी, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या वेळी, बारावीच्या पीसीएमच्या मार्कांवर मेरिट नंबर लागायचा आणि नंबरवारी बोलवायचे. कमी मार्क पडले तर पडले, पण आपल्या आधी कितीजण आहेत ते कळायचं. आता भारतातसुद्धा कॅप राउंड, फ्रीज, बेटरमेंट असं बरंच काय काय आलंय, माझी भाची मागच्या वर्षी त्यातून गेली, पण तिथेही शेवटी एक कटऑफ असतो ज्याच्याकडे बोट दाखवून रडता येतं. इथे बोट दाखवायला काही नाही. नवरा तर हतबल झाला अक्षरशः. एक्सेल कशाची करायची हेच त्याला कळेना.

बरं, मग कळायला काहीच मार्ग नाही का, तर एक आहे, आणि तो आम्हाला फार उशिरा सापडला म्हणून इथे आधी लिहिते. कॉमन डेटा सेट नावाचं एक कागदपत्र असतं. बहुतेक कॉलेजं दरवर्षी भरतात आणि स्वतःच्या साइटवर टाकतात, कॉलेजचं नाव आणि कॉमन डेटा सेट असं गूगल केलं की पीडीएफ येते. त्यात सी2 नावाचा भाग बघायचा. किती जणांना वेटलिस्टवर जागा देऊ केली, किती जणांनी हो म्हटलं आणि शेवटी किती जणांना घेतलं, तिन्ही आकडे तिथे असतात. यादीला क्रमांक असतात का हेही तिथेच विचारलेलं असतं. एक वर्ष बघून उपयोग नाही, चार-पाच वर्षांच्या काढा, कारण एका वर्षी तीनशे घेतलेले असतात आणि पुढच्या वर्षी शून्य, दोन्ही एकाच कॉलेजात. लेकीच्या पहिल्या पसंतीच्या कॉलेजचे आकडे बघितले तेव्हा मी हिशोब केला आणि पीडीएफ बंद करून चहा टाकला. त्याच कागदात सी7 म्हणून एक तक्ता असतो, ते कशाला किती महत्त्व देतात त्याचा. त्यात शेवटी शेवटी एक ओळ असते की विद्यार्थ्याने दाखवलेला इंटरेस्ट बघतात का. तिथे "विचारात घेत नाही" असं असेल तर तुम्ही कितीही आर्जवं करा.

देशभराचा आकडा हवा असेल तर अ‍ॅडमिशन काउन्सेलर्सची जी राष्ट्रीय संघटना आहे, एनएसीएसी, तिच्या 2019 च्या अहवालात होतं की वेटलिस्टवर थांबायला हो म्हणणाऱ्यांपैकी सरासरी 20 टक्के मुलांना कॉलेजं घेतात, आणि जी सगळ्यात निवडक आहेत तिथे 7 टक्के. सात! हे मी लेकीला सांगितलं नाही. तिला आधीच माहीत होतं, हे मला नंतर कळलं.

आता नक्की करायचं काय. पहिलं म्हणजे पोर्टलमध्ये जाऊन हो म्हणावं लागतं, आपोआप काही यादीत राहत नाही आपण. बटण असतं, काही ठिकाणी छोटा फॉर्म, आणि त्याची तारीख असते जी प्रत्येक कॉलेजची वेगळी. कॅलिफोर्नियाच्या यूसीवाल्यांचं (म्हणजे तिथली राज्याची युनिव्हर्सिटी) तर प्रत्येक कॅम्पसचं वेगळं बटण. आमच्या ओळखीतल्या एका मुलाने समजूनच घेतलं की वेटलिस्टवर आहोत म्हणजे आहोत, आणि तारीख गेली. त्याची आई अजून त्याबद्दल बोलत नाही, आम्हीही विचारत नाही.

दुसरं पत्र. याला इथे लेटर ऑफ कंटिन्यूड इंटरेस्ट म्हणतात, मुलं त्याला लोकी म्हणतात. मी म्हटलं मी लिहिते ड्राफ्ट. लिहिला. लेकीने वाचला आणि इतकी हसली की पंधरा दिवसात पहिल्यांदा हसली, म्हणून त्या ड्राफ्टचं मला काही वाईट वाटत नाही. माझा अर्ज झाला होता, शाळेतला, आजारी असल्यामुळे रजा मिळावी टाइप. सविनय विनंती, आपल्या प्रतिष्ठित संस्थेत, कृपया सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, फक्त "कळावे, आपली आज्ञाधारक" एवढंच राहिलं होतं. इंग्रजीतून लिहिला असला म्हणून काय झालं, हात आपलाच ना.

तिच्या शाळेतल्या काउन्सेलर बाईंनी सांगितलं की एक पानाच्या वर जाऊ नको. आम्हाला का नाही घेतलं हे विचारू नको, दुसरीकडे कुठे मिळालंय तेही सांगू नको. अर्ज केल्यानंतर नवीन काय घडलं तेवढंच लिही, म्हणजे जानेवारीनंतरचे मार्क, एखादं काम, काही बक्षीस, जे अर्जात नव्हतं ते. आणि तिथे जाऊन नेमकं काय करणार ते, पण वेबसाइटवरची वाक्यं उचलून नाही. आणि एक वाक्य, की मला घेतलंत तर मी नक्की येईन, हे फक्त खरं असेल तरच आणि एकाच कॉलेजला. हे वाक्य महत्त्वाचं का, तर मे महिन्यात कॉलेजला घाई असते आणि बोलावल्यावर नक्की येईल असं मूल त्यांना हवं असतं, परत पानं मोजत बसायला वेळ नसतो. आणि काही कॉलेजं स्पष्ट लिहितात की आम्हाला काहीही पाठवू नका. तिथे पाठवायचं नाही! आपल्याला वाटतं की पाठवलं तर काय बिघडतं, थोडं जास्त केलं तर लक्षात राहू, पण सांगितलेलं ऐकत नाही एवढंच लक्षात राहतं.

लेकीने तीन दिवसात लिहिलं. मला दाखवलं नाही. काउन्सेलरला दाखवलं आणि पोर्टलवर टाकलं.

आणि आता माझा गाढवपणा. एप्रिलच्या मध्यावर, लेक शाळेत गेलेली असताना, मी त्या कॉलेजच्या अ‍ॅडमिशन ऑफिसला फोन केला. मला वाटलं निदान विचारावं, अंदाज घ्यावा, आपल्याकडे नाही का आपण जाऊन क्लार्कला भेटून येतो. पलीकडची मुलगी इतकी गोड बोलली, इतकी गोड, आणि शेवटी म्हणाली की तुमच्या मुलीला काही विचारायचं असेल तर तिने जरूर फोन करावा. फोन ठेवल्यावर माझे कान गरम झाले होते. इथे अठरा वर्षांच्या मुलाच्या वतीने आईबापाने बोलणं म्हणजे मुलाचंच वजन कमी करणं. पत्र, फोन, ईमेल, जे काय असेल ते मुलाने करायचं, नाहीतर काउन्सेलरने. माजी विद्यार्थ्यांची शिफारसपत्रं, ओळखीचे काका तिथे प्रोफेसर आहेत, हे सगळं आपल्या डोक्यात पहिलं येतं आणि इथे ते शक्यतो चालत नाही, निदान आपल्यासारख्यांचं तरी नाही.

तिसरी गोष्ट, आणि मला आता वाटतं ही पहिली असायला हवी होती: जिथे मिळालंय तिथे नीट जाऊन या. आम्ही एप्रिलभर त्या न मिळालेल्या कॉलेजच्या भोवती फिरत राहिलो, जेवताना तोच विषय, गाडीत तोच विषय, आणि ज्यांनी हिला हो म्हटलं होतं त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नव्हतं. शेवटी नवऱ्याने एका शनिवारी जबरदस्ती रटगर्सला नेलं, अ‍ॅडमिशन मिळालेल्या मुलांसाठीचा दिवस होता. घरापासून पंचवीस मिनिटं, म्हणूनच तिला नको होतं ते. तिथे चार-पाच कॅम्पस आहेत आणि मध्ये रॅरिटन नदी, एका लेक्चरहून दुसऱ्याला जायला बस. ती बसमध्ये कोणा सिनियर मुलीच्या शेजारी बसली, आणि उतरली तेव्हा लॅबबद्दल काहीतरी बोलत होती जे मला कळलं नाही, पण बोलत होती. परत येताना ओक ट्री रोडला थांबून पाणीपुरी खाल्ली. एवढंच.

1 मेला डिपॉझिट भरलं. महाराष्ट्र दिन! नवऱ्याने बटण दाबताना जय महाराष्ट्र म्हटलं आणि लेकीने डोळे फिरवले. इथे एक गैरसमज बऱ्याच जणांचा असतो म्हणून सांगते, वेटलिस्टवर असताना दुसरीकडे डिपॉझिट भरणं यात काही चुकीचं नाही, उलट भरायलाच हवं, नाहीतर ऑगस्टमध्ये हातात काहीच नाही. वेटलिस्टवाल्यांनी बोलावलं आणि आपण गेलो तर ते डिपॉझिट बुडतं, बास. चुकीचं आहे ते दोन कॉलेजात एकदम डिपॉझिट भरणं. काही लोक करतात. शाळा शेवटचा निकाल एकाच कॉलेजला पाठवते त्यामुळे ते उघडंही पडतं. आणि शेवटचा निकाल म्हटल्यावर, मुलांचं एप्रिलनंतर अभ्यासातून जे लक्ष उडतं त्याचं काहीतरी करा, कारण मार्क फार घसरले तर मिळालेली अ‍ॅडमिशनसुद्धा काढून घेऊ शकतात. त्यात मेच्या पहिल्या दोन आठवड्यात एपीच्या, म्हणजे हायस्कूलमध्येच घेतलेल्या कॉलेजच्या पातळीच्या विषयांच्या, परीक्षा. त्यात प्रॉम, म्हणजे शाळेची नाचाची पार्टी. कपड्यांचा खर्च वेगळा.

पूर्वी निदान 1 मेनंतर सगळं शांत व्हायचं म्हणतात. 2019 साली अमेरिकेच्या न्याय खात्याने त्या एनएसीएसीला काही नियम काढायला लावले, त्यात हाही होता की 1 मेनंतर दुसरीकडे नक्की झालेल्या मुलाला कॉलेजांनी फोडायचं नाही. आता दुसरीकडे नक्की झालेल्या मुलालाही कॉलेजं मे-जूनमध्ये नवी ऑफर देऊन ओढू शकतात. आणि हे पत्त्यांच्या बंगल्यासारखं चालतं, एखाद्या मोठ्या युनिव्हर्सिटीने दोनशे मुलं उचलली की ती जिथून निघाली तिथे दोनशे जागा रिकाम्या, मग ते आपल्या टोपल्यात हात घालतात, आणि असं खाली खाली जुलैपर्यंत.

तर मेच्या तिसऱ्या आठवड्यात फोन आला. पहिल्या पसंतीचा नाही. तो तिसऱ्या नंबरचा.

लेक आइस्क्रीमच्या दुकानात कामाला होती, ब्रेकमध्ये तिने उचलला. जागा आहे, तीन दिवसात सांगा. घरी आली तेव्हा तिचा चेहरा असा होता की मला कळेना ही खूश आहे का काय. संध्याकाळी मी सगळ्यांना फोन करायला घेणार तेवढ्यात नवरा म्हणाला थांब, पैशाचं पत्र येऊ दे.

ते दुसऱ्या दिवशी आलं. मदत शून्य. विद्यार्थ्याच्या नावावरचं सरकारी कर्ज, जे पहिल्या वर्षाला जास्तीत जास्त 5,500 डॉलर असतं, तेवढं. बाकी राहणं-खाणं धरून वर्षाला ऐंशी हजाराच्या वर, गुणिले चार. रटगर्सचा राज्यातल्या मुलांचा खर्च त्याच्या निम्म्याहूनही कमी. वेटलिस्टबद्दल हे कोणी मोठ्याने सांगत नाही. मदतीची रक्कम एप्रिलमध्येच वाटून झालेली असते, मेमध्ये येणाऱ्याला उरलंसुरलं. जी कॉलेजं अभिमानाने सांगतात की आम्ही घरची परिस्थिती न बघता प्रवेश देतो, त्यातलीसुद्धा काही वेटलिस्टमधून उचलताना परिस्थिती बघतात. राहायच्या खोल्याही तशाच, शेवटी येणाऱ्याला शेवटची. त्यामुळे वेटलिस्टला हो म्हणायच्या आधीच त्या कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतं, मदत वजा जाता आपल्याला किती पडेल ते सांगणारं, ते भरून बघा, सगळ्यांना ते ठेवायची कायद्याने सक्ती आहे. अंदाजच असतो, पण शून्य आणि वीस हजार यातला फरक तर कळतो. आम्ही पहिल्या कॉलेजचं भरलं होतं, याचं नाही. हे येईल असं वाटलंच नव्हतं. वाटलं नव्हतं तर एप्रिलमध्ये नाव काढून का नाही टाकलं, याला माझ्याकडे उत्तर नाही. फुकटची आशा कोण सोडतं!

(भारतातून थेट अर्ज करणाऱ्या मुलांसाठी हे अजून अवघड आहे. परदेशी विद्यार्थ्यांसाठी मदत बऱ्याच ठिकाणी आधीच तुटपुंजी, आणि जूनमध्ये बोलावलं तर तिथून पुढे पैशाचे कागद, आय-20 (व्हिसासाठी कॉलेजने द्यायचा फॉर्म), मग बीकेसीला व्हिसाची तारीख, आणि ऑगस्टच्या शेवटी वर्ग सुरू. जमतं लोकांना, पण कागद आधीच तयार ठेवलेल्यांना. आणि इथे एच-4 वर, म्हणजे आईबापाच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर, असलेल्या मुलांना सरकारी मदत आणि कर्ज दोन्ही नाही, ते एक वेगळंच दुखणं.)

तीन दिवस. नवऱ्याला अखेर एक्सेल करायला मिळाली. मी त्या तीन दिवसात कधी इकडे कधी तिकडे, सकाळी वाटायचं कर्ज काढू, एकुलती एक आहे, रात्री वाटायचं वेड लागलंय का. आम्ही दोघं स्वतः ग्रीन कार्डच्या रांगेत बारा वर्षं बसलोय, दर महिन्याला व्हिसा बुलेटिन उघडायचं, तारीख बघायची, बंद करायचं. ती लेक इथे जन्मली म्हणून सुटली. तर मला कुठेतरी असं वाटत होतं की रांगेतून एकाचं तरी नाव पुकारलंय, आणि पुकारलेलं नाव परत कसं करायचं? हे मी नवऱ्याला बोलले तर तो म्हणाला, "नाव पुकारलं म्हणून कुठल्याही गाडीत चढायचं का?" तो असा एखादं वाक्य बोलतो आणि मग लॉन कापायला जातो.

लेकीने मात्र आमची दोघांची वाट बघितली नाही. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर म्हणाली, मी नाही सांगितलंय त्यांना. मी म्हटलं अगं विचारायचं तरी. तर म्हणाली, "आई, मला ते ऑक्टोबरमध्ये आवडलं होतं. आता मी वेगळी झालेय थोडी." मग म्हणाली की रटगर्सला रूममेट ठरलीये, साउथ ब्रन्सविकची आहे, ती पण डाव्या कुशीवर झोपते. डाव्या कुशीचा काय संबंध ते मी विचारलं नाही.

पहिल्या कॉलेजचं उत्तर जूनच्या अखेरीस आलं. एक ईमेल, आमचा वर्ग भरला, यंदाची यादी बंद करत आहोत, शुभेच्छा. चार्ट लागला एकदाचा. तेव्हा आम्ही दुकानात ट्विन एक्सएल मापाच्या चादरी शोधत होतो, इथल्या हॉस्टेलचे पलंग नेहमीपेक्षा लांब असतात त्यामुळे घरातली एकही चादर चालत नाही. तिने फोन बघितला, मला दाखवला, खिशात टाकला. थोडी गप्प झाली. निळी का राखाडी यावर मग आमचं भांडण झालं आणि राखाडी घेतली. त्या रात्री ती जरा जास्त वेळ अंघोळ करत होती. मी दार वाजवलं नाही.

जिथे जाणार तिथे एक वर्ष करून मग ट्रान्सफर, हेही असतं, आणि ज्यांना कुठेच मनासारखं मिळालं नाही त्यांच्यासाठी 1 मेनंतर ती एनएसीएसी अजून जागा असलेल्या कॉलेजांची यादी काढते, त्यात चांगली नावं असतात. न्यू जर्सीत काउंटी कॉलेजला, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या दोन वर्षांच्या कॉलेजला, दोन वर्षं करून स्टेट युनिव्हर्सिटीत थेट तिसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि हायस्कूलमध्ये वरच्या पंधरा टक्क्यांत असाल तर एनजे स्टार्स या राज्याच्या योजनेतून काउंटी कॉलेजची ट्यूशन फीही माफ. आपल्या मंडळात कोणी हे बोलत नाही. गणपतीत सगळे टीशर्टचीच नावं सांगतात.

हो, तो मधल्या तीन दिवसांनंतरचा फोन राहिलाच. रविवारी रात्री, म्हणजे तिकडे सोमवारी सकाळी, आईंना सांगितलं की एका ठिकाणचं झालं होतं पण हिने नको म्हटलं. आई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "कन्फर्म झाल्यालं तिकीट कॅन्सल केलं म्हन की."

म्हटलं हो आई.

"मग क्लार्केज किती कापला?"

म्हटलं काहीच नाही, तिथे पैसे भरलेच नव्हते.

"मग बरं हाय की," आई म्हणाल्या, आणि मग विचारलं की हॉस्टेलात भात मिळतो का, का रोज तो पाव.